साबा (सासूबाई) अंड्यातलं पिवळं काढून टाकतात, नवरोबा पण! खरंच एवढं वाईट असतं का ते?

परळची_पोर:

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं इथे नुसतीच वाचत असते, धागा पहिल्यांदाच काढतेय तर सांभाळून घ्या. तर झालंय असं की आमच्या साबा, वय ६६, वजन साधारण ५५ किलो, शुगर आहे पण गोळ्यांवर ताब्यात आहे, कोलेस्टेरॉलची पण एक गोळी रात्री घेतात. गेले काही महिने पाय दुखतात म्हणतात, थकल्यासारखं होतं, आणि खाली बसल्या की उठताना काहीतरी धरावंच लागतं. डॉक्टरांनी रक्त तपासलं तर बी१२ कमी, डी पण कमी, आणि मग त्यांनी जेवणात काय काय असतं ते विचारलं तर ते म्हणाले काकू तुमच्या ताटात प्रोटीनच दिसत नाहीये मला, भात, पातळ आमटी, भाजी आणि संध्याकाळी चहा खारी, एवढ्यावर कसं व्हायचं. रोज एखाददुसरं अंडं सुरू करा.

घरात अंड्याला ना नाही, माहेर मालवणकडचं त्यांचं, मासे तर असतातच, फक्त सोमवार गुरुवार शनिवार पाळतात. तर एकदाच्या तयार झाल्या आणि नेमक्या खालच्या मजल्यावरच्या काकूंनी सांगितलं की पिवळं खाल्लं की थेट ब्लॉकेज. झालं! आता उकडलेलं अंडं मधोमध कापतात, पिवळा गोळा चमच्याने काढून बाजूला ठेवतात आणि पांढरं मीठ मिरी लावून खातात, आणि परत म्हणतात की ह्याला चवच नाही म्हणून.

दुसरीकडे नवरोबा जिमला जायला लागलेत, रोज सकाळी सहा अंड्यांचं पांढरं आणि सहा पिवळी सिंकमध्ये. आमच्याकडे एक अंडं सात-आठ रुपयाला पडतं आणि मला ते बघवत नाही हो. मला खरंखुरं सांगा, पिवळं एवढं वाईट असतं का? साबांनी खाल्लं तर चालेल का? आणि गावठी म्हणून जी ब्राऊन मिळतात दुप्पट भावाने ती घ्यावीत का? व्हॉट्सअ‍ॅपवरचं नको, ज्यांना माहितीये त्यांनीच सांगा प्लीज.

खमंगकाकू:

सहा पिवळी रोज सिंकमध्ये??? अगं बये, मला झोप नाही येणार आता. त्याला सांग पांढरं खायचं तर खा पण पिवळी डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेव, दुसऱ्या दिवसापर्यंत संपवायची, अर्धा लिटर दुधात दोन पिवळी आणि एक अख्खं अंडं घालून कॅरॅमल पुडिंग होतं मस्त. तब्येतीचं जाणकार सांगतीलच, मी आपली टाकलेल्या अन्नाबद्दल बोलतेय.

ठाणे_फास्ट:

नवरोबांच्या बाजूने एक जण तरी पाहिजे म्हणून लिहितो. जिमवाले पिवळं काढतात त्यात कोलेस्टेरॉलची भीती असते तशी कॅलरीची पण मोजणी असते. एका अंड्याच्या पांढऱ्यात साडेतीन ग्रॅमच्या आसपास प्रोटीन आणि जेमतेम १७ कॅलरी, पिवळ्यात पावणेतीन ग्रॅम प्रोटीन आणि कॅलरी ५५. म्हणजे ज्याला पोट कमी करायचंय आणि प्रोटीन वाढवायचंय त्याच्यासाठी पांढरं स्वस्तात पडतं, कॅलरीच्या हिशोबाने म्हणतोय, रुपयाच्या नाही. त्यात चूक काहीच नाही.

पण माझ्या बघण्यातले निम्मे लोक सकाळी पांढरं खातात आणि रात्री स्टेशनबाहेरच्या गाडीवर डबल अंडा भुर्जी, वर बटर, चार पाव, त्या पावांना पण बटर. मग पिवळं काढून काय कमावलं? एक मोठा चमचा बटर म्हणजे ७ ग्रॅम सॅच्युरेटेड फॅट, एका अख्ख्या अंड्यात दीड ग्रॅम. गाडीवाला काय चमच्याने मोजून टाकतो का, सुरीने लादीतून कापतो आणि तव्यावर ढकलतो.

मी स्वतः तीन अख्खी आणि वर दोन पांढरी असं खातो, पोट पण भरतं. आणि नवरोबा कच्ची पीत नसतील अशी आशा आहे. आमच्या जिममध्ये एक जण ग्लासात फोडून पितो, त्याला वाटतं ताकद जास्त. उलट आहे, शिजवलेल्या अंड्यातलं प्रोटीन ९० टक्क्यांच्या आसपास पचतं, कच्च्यातलं जेमतेम अर्धं. शिवाय साल्मोनेलाची (पोट बिघडवणारा जंतू) टांगती तलवार आहेच. कच्च्या पांढऱ्यात अ‍ॅव्हिडिन म्हणून एक प्रथिन असतं ते बायोटिन ह्या जीवनसत्त्वाला धरून ठेवतं, म्हणजे केस गळतीवर बायोटिनच्या गोळ्या आणि वर कच्ची अंडी, बसा बोंबलत.

पथ्यपाणी:

मी आहारतज्ज्ञ आहे, दादरला बसते, तर जरा सविस्तर लिहिते, लांब होईल.

आधी पिवळ्याचं. आपल्याकडच्या एका अंड्यात ६ ग्रॅमच्या जवळपास प्रोटीन, ७० एक कॅलरी आणि कोलेस्टेरॉल साधारण १८० मिलिग्रॅम, आणि हे कोलेस्टेरॉल सगळंच्या सगळं पिवळ्यात. हा आकडा मोठा आहे आणि ह्या आकड्यामुळेच १९६८ साली अमेरिकन हार्ट असोसिएशनने सांगितलं की दिवसाला ३०० मिलिग्रॅमच्या वर कोलेस्टेरॉल नको आणि आठवड्याला तीनच्या वर पिवळी नकोत. तुमच्या खालच्या मजल्यावरच्या काकू जे बोलल्या ते तिथून आलेलं आहे, त्यांनी मनाने नाही काढलं.

नंतर लक्षात येत गेलं की रक्तातलं बरंचसं कोलेस्टेरॉल आपलं लिव्हरच बनवतं, आणि बाहेरून जास्त आलं की बहुतेकांचं लिव्हर आपलं उत्पादन थोडं कमी करतं. एलडीएल, म्हणजे वाईट म्हणतात ते कोलेस्टेरॉल, वाढवायला खाण्यातल्या कोलेस्टेरॉलपेक्षा सॅच्युरेटेड फॅट आणि ट्रान्स फॅट जास्त जबाबदार, म्हणजे बटर, वनस्पती तूप, खारी, बेकरीची बिस्किटं. साबांच्या चहाबरोबरच्या खारीवर कोणी बोट ठेवलं नाही बघा, पिवळं मात्र बाहेर! २०१५ च्या अमेरिकन आहार मार्गदर्शक सूचनांमधून ती ३०० ची मर्यादा काढून टाकली गेली. २०१९ मध्ये हार्ट असोसिएशनने पण सांगितलं की निरोगी माणसाने रोज एक अख्खं अंडं खायला हरकत नाही, आणि ज्या वयस्कर लोकांचं कोलेस्टेरॉल नॉर्मल आहे त्यांना दोनही चालतील.

पण. ह्या पणसाठीच एवढं लिहिलं. त्याच सल्ल्यात असंही आहे की ज्यांचं कोलेस्टेरॉल बिघडलेलं आहे, त्यातून मधुमेह आहे, त्यांनी जपून खावं. साबा नेमक्या ह्या गटात बसतात. म्हणून त्यांना रोज दोन-तीन अख्खी खा असं मी इथे बसून सांगणार नाही. माझ्याकडे अशी कोणी आली की मी साधारण एक अख्खं आणि त्याच्या जोडीला एका अंड्याचं पांढरं सुचवते, खारी बंद करते, आणि तीन महिन्यांनी लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या कोलेस्टेरॉलची तपासणी) परत बघायला सांगते. काही लोकांचं एलडीएल अंड्याने इतरांपेक्षा जास्त चढतं, कोणाचं चढेल ते चेहऱ्यावर लिहिलेलं नसतं, रक्त तपासूनच कळतं. आणि क्रिएटिनिन (किडनीची रक्त तपासणी) बघितलंय ना? शुगरवाल्यांची किडनी जरा जरी डगमगत असेल तरी प्रोटीन किती वाढवायचं ते त्यांच्या डॉक्टरांनीच ठरवायचं, ह्याच्यात तडजोड नाही.

आता पिवळ्यात काय चांगलं ते. ए, डी, ई ही जीवनसत्त्वं, जवळजवळ सगळं कोलीन (मेंदू आणि लिव्हरला लागतं ते), बी१२ मधला मोठा भाग, हे सगळं तिथेच. कोलीन एका अंड्यात १४५ मिलिग्रॅमच्या आसपास मिळतं, बायकांना दिवसाला सव्वाचारशे पुरतं, आणि आपल्या रोजच्या वरणभातात ते फारसं नसतं. ल्युटीन आणि झिअ‍ॅक्झँथिन ही पिवळी रंगद्रव्यं डोळ्याच्या पडद्यासाठी लागतात, पालकात अंड्यापेक्षा जास्त असतात पण अंड्यात जोडीला फॅट असल्यामुळे शरीरात चांगली शोषली जातात. पांढऱ्यात प्रोटीन आणि रायबोफ्लेविन (बी२), बाकी फार नाही. त्यामुळे चव नाही ही साबांची तक्रार रास्त आहे, चव पण फॅटमध्येच असते.

आणि उठता बसता धरावं लागतं ते सगळ्यात महत्त्वाचं आहे, त्याच्याकडे पिवळ्या-पांढऱ्याच्या नादात दुर्लक्ष नको. वय वाढलं की मांड्यांचे स्नायू गळत जातात. आयसीएमआरच्या (सरकारी वैद्यकीय संशोधन संस्था) २०२० च्या शिफारशीप्रमाणे किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रोटीन धरलं तर ५५ किलोला ४६ ग्रॅमच्या आसपास लागतं. पातळ आमटीच्या वाटीत कितीशी डाळ असते? ३० ग्रॅम कोरडी डाळ असली तरी साडेसहा ग्रॅम. कपभर दुधाचे सहा. एक अख्खं आणि जोडीला एक पांढरं, एवढ्याने नऊ-साडेनऊ ग्रॅमची सोय होते, चावायला मऊ, पचायला हलकं, म्हाताऱ्या माणसाला दाताचा त्रास असला तरी खाता येतं. मात्र नुसतं खाऊन मांड्या भरत नाहीत, खुर्चीतून हात न टेकता उठायचं बसायचं, रोज थोडं थोडं, भिंतीजवळ, कोणी तरी शेजारी उभं राहून. तेवढं कराच.

गोळ्याऔषधं:

पथ्यपाणी ताईंना अनुमोदन. मी लालबागला मेडिकल चालवतो, डॉक्टर नाही, पण एक गोष्ट काउंटरवर रोज दिसते म्हणून लिहितो. शुगरची गोळी म्हणजे मेटफॉर्मिन असणार बहुतेक, वर्षानुवर्षं घेतली की बी१२ शोषायची क्षमता कमी होते हे माहितीचं आहे, पुस्तकातच आहे. आणि त्याच्या जोडीला आपल्याकडे निम्मी मुंबई सकाळी उठल्या उठल्या अ‍ॅसिडिटीची गोळी घेते, पॅन्टोप्राझोल नाहीतर ओमेप्राझोल, डॉक्टरने दिली होती पंधरा दिवसांसाठी आणि चालू आहे पाच वर्षं, त्यानेही बी१२ कमी होतं कारण अन्नातलं बी१२ मोकळं करायला पोटात अ‍ॅसिड लागतं. तर काकू दोन्ही घेतात का ते बघा आणि घेत असतील तर डॉक्टरांच्या कानावर घाला. स्वतःहून काही बंद करू नका, नाहीतर मला शिव्या बसतील.

अंड्यात बी१२ अर्धा मायक्रोग्रॅमच्या आसपास, गरज दिवसाला दोन-सव्वादोनची, आणि अंड्यातलं नीट शोषलंही जात नाही. म्हणजे एकदा कमी झालेलं बी१२ अंडी खाऊन भरून निघत नाही, इंजेक्शन नाहीतर गोळ्या लागतातच. डीचं पण तेच, एका अंड्यात ४० युनिट, लागतात ६०० च्या आसपास. लोक येतात आणि विचारतात अंडी चालू केली आता डीची पुडी बंद करू का? नाही हो!

बेडूकराव:

सगळे एका सुरात गायला लागले की मला खाजवतं. ही अंडी आरोग्याला चांगली हे आपल्या डोक्यात भरलं कोणी? दूरदर्शनवर 'संडे हो या मंडे' ऐकून मोठे झालेलो आपण. ती जाहिरात अंडी विकणाऱ्यांच्या संघटनेची, एनईसीसीची, १९८२ ला स्थापन झालेली, आणि आजही रोजचा भाव जाहीर करतात तेच. विकणारा म्हणणारच रोज खा.

२०१९ साली जामा ह्या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात आलेला अभ्यास कोणी का काढत नाही? अमेरिकेतले जवळजवळ ३० हजार लोक, आणि रोज अर्धं अंडं जास्त खाणाऱ्यांत हृदयविकाराचा धोका जास्त दिसला. थोडाच जास्त, पण दिसला. मग?

पथ्यपाणी:

बेडूकराव, तो अभ्यास आहेच, मी नाकारत नाही. पण २०२० मध्ये बीएमजे ह्या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात हार्वर्डच्या लोकांनी ह्याहून मोठा डेटा घेतला, काही लोकांना ३० वर्षांच्या वर फॉलो केलेलं, त्यात दिवसाला एकापर्यंत अंड्याचा हृदयविकाराशी संबंध दिसला नाही, आणि आशियातल्या अभ्यासांत तर धोका किंचित कमीच. चीनमधल्या पाच लाख लोकांच्या अभ्यासात पण रोज अंडं खाणाऱ्यांत स्ट्रोक कमी दिसले. हे सगळे अभ्यास निरीक्षणाचे आहेत, लोक काय खातात ते विचारायचं आणि वर्षानुवर्षं बघत बसायचं. अमेरिकेत अंड्याच्या बाजूला बेकन असतं, सॉसेज असतं, बटर लावलेला टोस्ट असतो, त्यातलं नेमकं कोणाचं पाप ते आकडेमोडीने वेगळं काढायचा प्रयत्न करतात पण पूर्ण निघत नाही. म्हणून मी 'एकापर्यंत' म्हणते आणि 'हवी तेवढी' म्हणत नाही.

जाहिरातीचं म्हणाल तर पिवळं वाईट ही समजूत तरी कुठून आली, १९१३ मध्ये रशियात अनिच्कॉव्ह नावाच्या शास्त्रज्ञाने सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घातलं आणि त्यांच्या धमन्या बुजल्या तिथपासून. काम मोठं होतं त्याचं, पण ससा बिचारा गवत खाणारा प्राणी, त्याला हे पचवायची सवयच नाही.

बेडूकराव:

ठीक आहे, एकापर्यंत मान्य. सशाचा मुद्दा आवडला. पण जाहिरातवाले 'एकापर्यंत' असं म्हणत नाहीत हे माझं म्हणणं उभंच आहे.

किंग्ज_सर्कल:

ब्राऊन अंड्यांबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून मी. मामाची पोल्ट्री होती, सुट्टीत तिथेच असायचो. कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर असतो, ब्राऊन कवच म्हणजे गावठी असं काही नाही, ब्राऊन अंडी देणाऱ्या जाती पण शेडमध्ये पाळतात, शेकड्यांनी. बलक गडद केशरी दिसला म्हणजे ताकद जास्त हे पण खरं नाही, खाद्यात मका जास्त असला की रंग चढतो, झेंडूच्या फुलांचा अर्क घालतात त्यानेही चढतो. खरी गावरान, म्हणजे कोंबडी बाहेर फिरून किडामुंगी वेचून खाते ती, तिच्या अंड्यात ओमेगा-३ ही चांगली फॅट वगैरे थोडं जास्त असू शकतं आणि चव मला तरी वेगळी लागते, पण मुंबईत बसून ती खरी आहेत हे कळणार कसं? अंडं लहान असतं शिवाय, म्हणजे प्रोटीन पण कमी. साबांसाठी प्रोटीन पाहिजे असेल तर साधी पांढरी घ्या आणि उरलेल्या पैशात ताजे बांगडे आणा.

ताजं ओळखायचं असेल तर टोपात पाणी घेऊन सोडायचं. आडवं तळाला बसलं तर ताजं, उभं राहिलं तर जुनं पण चालेल, तरंगलं तर फेकायचं. जुनं होत जातं तसं कवचातून पाणी उडतं आणि आतली हवेची पोकळी वाढते म्हणून. आणि आणल्या आणल्या धुऊन ठेवू नका, वरचा नैसर्गिक थर जातो आणि जंतू आत जायला वाट मिळते. धुवायचंच तर शिजवायच्या आधी. प्लास्टिकची अंडी येतात असा व्हिडिओ कोणी टाकायच्या आधीच सांगतो, एफएसएसएआयने (सरकारी अन्नसुरक्षा संस्था) ती अफवा आहे म्हणून कधीच सांगितलंय. सात रुपयात प्लास्टिकचं अंडं बनवून, आत पिवळं पांढरं वेगळं भरून, वर नफा काढणारा कारागीर मला भेटला तर मी नोकरी सोडून त्याच्याकडे लागेन.

खमंगकाकू:

किंग्ज सर्कल +१. साबा मालवणकडच्या आहेत तर नुसती उकडलेली कशाला खातील गं, अंड्याचं कालवण कर. सुकं खोबरं, कांदा, धणे, बेडगी मिरची खमंग भाजून दाटसर वाटप, त्यात उकडलेली अंडी चिरा पाडून सोडायची, वर दोन कोकमं. भातावर घेतील, पिवळं आपोआप रश्श्यात मिसळून पोटात जाईल, कळणार पण नाही.

पथ्यपाणी:

काकू, तोंडाला पाणी सुटलं, पण खोबऱ्यातलं फॅट बहुतेक सगळं सॅच्युरेटेड असतं. अंड्याला एवढं मोजायचं आणि वाटीभर खोबरं मोजायचंच नाही, असं नको. वाटप अर्धं करा, घट्टपणा भाजलेल्या कांद्याने आणा.

खमंगकाकू:

अर्धं वाटप!! त्याला कालवण नाही म्हणत, त्याला पाणी म्हणतात. बरं, पाऊण.

अंडापाव_रात्री_अकरा:

विषय तब्येतीचा आहे माहितीये पण इथे भुर्जीची बदनामी चाललीय म्हणून बोलावं लागतंय. ठाणे फास्ट, भुर्जीवाल्याला "बटर नको, तेलात कर, कमी" असं सांगता येतं, तो एकदा वर बघतो आणि करतो. कांदा टोमॅटो डबल सांगायचा. पाव दोनच. इराण्याकडची आकुरी (पारशी पद्धतीची भुर्जी) मात्र बटरशिवाय मागू नका, तिथे खाणं बंद केलेलं बरं. अंडा घोटाळा तर महिन्यातून एकदाच, त्यात खिमा पण असतो.

परळची_पोर:

बापरे, एवढे प्रतिसाद! सगळ्यांना खूप खूप धन्यवाद, पथ्यपाणी ताई तुमचं तर मी नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं. गोळ्याऔषधं दादा, तुम्ही म्हणालात तसंच निघालं, दोन्ही गोळ्या चालू आहेत, अ‍ॅसिडिटीची कधी सुरू झाली ते त्यांना आठवत पण नाहीये. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी सगळ्या गोळ्या घेऊन या म्हटलंय. क्रिएटिनिन नॉर्मल आहे रिपोर्टमध्ये, तेही त्यांना परत दाखवते. नवरोबा म्हणतायत ठीक आहे तीन अख्खी आणि दोन पांढरी, म्हणजे ठाणे फास्टचं गणित पटलं त्यांना, माझं चार महिने पटत नव्हतं.

अजून थोडं विचारू का? एक म्हणजे सोमवार गुरुवार शनिवार आणि पुढे श्रावण, तेव्हा काय द्यायचं? दुसरं म्हणजे मे महिन्यात अंडी गरम पडतात असं साबांचं ठाम मत आहे. तिसरं, मी उकडलं की पिवळ्याभोवती हिरवट काळी कडा येते आणि वास येतो, ते बघून पण त्या नाक मुरडतात, अंडी खराब असतात का ती? चौथं अवांतर आहे, आमच्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावरचे लोक वासाची तक्रार करतात, कमिटीत पत्र दिलंय त्यांनी, घर आमचं, गॅस आमचा आणि अंडी पण आमची. असो.

पथ्यपाणी:

वार पाळू दे त्यांना, त्यावरून घरात वाद नको. त्या दिवशी मोड आलेल्या मटकी-मुगाची उसळ, घट्ट वरण, वाटीभर दही, पनीरचे चार तुकडे किंवा सोयाबीनच्या वड्या थोड्या, असं दिवसभरात विभागून द्या. एका जेवणात सगळं कोंबू नका, सकाळी थोडं, दुपारी थोडं, रात्री थोडं. श्रावणात पण हेच, फक्त उपवासाच्या दिवशी साबुदाण्यावर भागवू नका, त्यात प्रोटीन नावालाच. दाण्याचं कूट आणि दही तरी घाला.

गरम पडतात ह्याला शास्त्रीय आधार नाही. उन्हाळ्यात त्रास होतो तो बऱ्याचदा बाहेर उकाड्यात ठेवलेल्या अंड्यांचा. दुकानात ट्रे उन्हात ठेवलेला असेल तर तिथून घेऊ नका, घरी आणली की फ्रीजमध्ये, दारातल्या खणात नको, आत ठेवा, दार सारखं उघडतं. एवढं करूनही त्यांना मेमध्ये नको वाटलं तर राहू दे, दही ताक आहेच.

खमंगकाकू:

हिरवी कडा म्हणजे जास्त उकडलं गं, खराब नाही. पांढऱ्यातलं गंधक आणि पिवळ्यातलं लोह एकत्र आलं की तो रंग येतो, खाल्लं तर काही होत नाही, पण वास येतो खरा, आणि वरच्या मजल्यापर्यंत जातो तो पण तोच. तू कुकरला लावतेस ना? नको लावू. टोपात पाणी खळखळ उकळू दे, मग अंडी पळीने अलगद सोड, मध्यम आचेवर नऊ दहा मिनिटं, लगेच काढून थंड पाण्यात, बर्फ असेल तर उत्तम. पिवळं घट्ट होईल, पण पिवळंच राहील, कडा येणार नाही. साबांच्या वयाला अर्धं कच्चं नको, पूर्ण शिजलेलंच दे. आठवड्याची एकदम उकडून ठेवायची असतील तर सोलू नकोस, कवचासकट डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेव, खायच्या वेळी सोल. आणि कालवणाचं वाटप पाऊण म्हटलंय मी, अर्धं नाही!